नववा आठवडा

शुक्रवारी पाचपर्यंत पुढच्या सत्राची यादी द्यायची आहे,
डावीकडे संकल्पना, उजवीकडे सिनेमा किंवा पुस्तक.
ॲक्रनमधलं बर्फ अजून गेलेलं नाही,
पार्किंगच्या कडेला त्याचे काळे ढीग,
आणि मी हीटरला पाय लावून ठरवतेय
परात्मता कुणाच्या तोंडून सांगावी.

ती सोपी निघाली.
टायरच्या कारखान्यावरचा एक जुना माहितीपट,
शेवटची पाळी सुटते, माणसं डबे हलवत बाहेर येतात.
गेल्या वर्षी लॉर्ना कोवलचिक मधेच उठली,
"थांबवा, मागे घ्या."
टोपी मागे सारणारा तिसरा माणूस तिचा बाप होता.
चार सेकंद. आम्ही सहा वेळा मागे घेतलं.
त्या दिवशी व्याख्या राहूनच गेली.

सामाजीकरणाला लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक,
बीव्हरची आई ॲप्रन बांधते, बाप पेपर वाचतो.
वर्ग हसतो, मग कुणीतरी एक हसायचं थांबतं.
भूमिका-संघर्षाला रात्रपाळीच्या नर्सची कादंबरी;
टेरेल ऑगलट्री म्हणतो, पानं फार आहेत.
तो स्वतः रात्री गोदामात खोकी स्कॅन करतो,
त्याला मी सतराव्या प्रकरणापासून वाचायला सांगते.
कलंकाला तुरुंगातून सुटलेल्या माणसाचा सिनेमा.
शेवट खोटा आहे, म्हणून तर घेतला.

नववा आठवडा, स्तरीकरण.
पाठ्यपुस्तकात जातीला अर्धं पान.
एक पिरॅमिड, चार रंग,
आणि पायथ्याखाली, आकृतीच्या बाहेर, एक बारीक ओळ.
त्या ओळीत माझं सगळं आजोळ बसतं.

इथे मला प्रोफेसर कॅरट म्हणतात.
खरात जमत नाही त्यांना; मीही कधी दुरुस्त केलं नाही.
एकदा तर मुलांनी टेबलावर गाजराचा केक आणून ठेवला.
तिकडे आडनाव ऐकलं की समोरच्याला
पुढचं काही विचारावं लागत नसे.
इथे त्याची भाजी झाली, आणि खोटं कशाला बोलू,
अकरा वर्षं ती मला गोड लागली.

म्हणून नवव्या आठवड्यासमोर दर वर्षी लिहिते,
योग्य चित्रपट उपलब्ध नाही.
आहेत. आपल्याकडचे दोन तर माझ्याच कपाटात आहेत.
सबटायटल्स नीट नाहीत, एवढं कारण पुरायचं.

परवा तास संपल्यावर पबित्रा विश्वकर्मा थांबली.
नॉर्थ हिलला राहते. आईबाप भूतानचे,
जन्म नेपाळातल्या छावणीत, तिथून इथे.
"या धड्याला सिनेमा नाही?"
मी सबटायटल्सचं सांगायला लागले.
तिने फोन पुढे केला.

लग्नाचा हॉल. दोन महिन्यांपूर्वीचा, इथलाच,
मागे बास्केटबॉलची जाळी.
तिचा भाऊ पाण्याचा जग घेऊन पंगतीतून येतो.
एक हात ग्लासावर झाकण होतो.
मग पुढचा हात. त्याच्या पुढचा.
चेहरे नाहीत, नुसती मनगटं, घड्याळं,
एका बोटात इथल्याच कॉलेजची अंगठी.
एक मिनिट चाळीस सेकंद. संवाद नाहीत.

"वर्गात दाखवू नका," ती म्हणाली,
"तुम्हाला दाखवायचं होतं."
म्हणजे तिला कळलं होतं. कधीपासून, कुणास ठाऊक.
गाजराच्या आतलं तिला पहिल्याच दिवशी दिसलं असेल.

यादी गेली. नववा रकाना मोकळाच गेला,
या खेपेला कारण न लिहिता.

मंगळवारी ऑगलट्रीने विचारलं,
"प्रोफेसर कॅरट, आज सिनेमा नाही?"
मी फळ्यावर आडनाव लिहिलं, त्यांच्या लिपीत, मग आपल्या.
म्हटलं, आधी हे म्हणून बघा.
क म्हणा, आणि त्यात थोडा श्वास सोडा.
का, हा, क्हा. कुणीतरी खोकलं, सगळे हसले,
हसता हसता एकदोघांना जवळपास जमलंही.
पबित्रा वहीत काहीतरी लिहीत होती, तिने वर बघितलं नाही.
तिला तो ख येत होता.
तिने म्हटला नाही.